पोत्यांवर भरलेली सभा

कविता करणारी बाई लोकांना आवडते. तीच बाई गावाच्या कारभारात बोलायला लागली की तिचा आवाज मोठा वाटू लागतो. माझा आवाज पुढे पुष्कळ मोठा झाला. पण सुरुवातीला तो शेजारच्या खोलीतही ऐकू जात नसे, म्हणून तिथूनच सांगते.

माझं माहेर ठाण्याचं. लग्न होऊन कल्याणला आले तेव्हा घरात आम्ही तिघंच: नवरा, सासूबाई आणि मी. भाड्याच्या दोन खोल्या. नवऱ्याची नोकरी रेल्वेत, ठाकुर्लीला. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची आणि मासिकांतून अधूनमधून माझी कविता छापून यायची. अंगण, पाळणा, न्हाऊन उन्हात केस वाळवणारी मुलगी, असे विषय असत. गावातल्या वाचनालयाचे अध्यक्ष एक नामांकित वकील होते. त्यांना माझ्या कविता फार आवडत. ‘बाई, तुमच्या कवितेत कसं घर असतं,’ असं ते चारचौघांत म्हणायचे आणि मला धन्य वाटायचं.

स्वातंत्र्य मिळून दीडदोन वर्षं झाली असतील. वाचनालयाच्या कार्यवाहांची पुण्याला बदली झाली. ती जागा कोणालाच नको होती, कारण त्यात मान थोडा आणि धूळ फार. वकीलसाहेबांनी मला बोलावून घेतलं.

“तुम्ही व्हा कार्यवाह. काम असं फारसं नाही. पुस्तकांची बांधणी करून घ्यायची, वर्षातून एक कविसंमेलन भरवायचं. बाकी आम्ही आहोतच.”

मी हो म्हटलं. एका बाईला कार्यवाह केलं म्हणून गावात त्यांची वाहवा झाली. माझंही कौतुक झालं, पण ते मुख्यतः त्यांच्या उदारपणाचं होतं, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

त्या दिवसांत शहाडच्या पलीकडे, लढाईच्या काळात लष्करासाठी बांधलेल्या बराकींमध्ये सरकारने सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं आणून ठेवली होती. गावात त्यांना सगळे ‘कॅम्पातले’ म्हणत. ती माणसं बाजारात यायची, पापड, बिस्किटं, रिळं असं काही काही विकायची आणि संध्याकाळच्या आत परत जायची. वाचनालयाची पायरी त्यांच्यातलं कोणी चढलं नव्हतं.

एका दुपारी एक गृहस्थ चढले. साठीच्या पुढचे, उंच, अंगात गुडघ्यापर्यंतचा जुना कोट, हातात फडक्यात बांधलेली पुस्तकं. दारातच उभे राहून त्यांनी हिंदीत विचारलं, “इथे बसून वाचता येईल का?”

“आमच्याकडे सिंधी पुस्तकं नाहीत हो,” मी म्हटलं.

“पुस्तकं माझ्यापाशी आहेत. माझ्यापाशी टेबल नाही.”

मग त्यांनी सांगितलं. बराकीच्या एका लांबलचक खोलीत गोणपाटाचे पडदे लावून कित्येक कुटुंबं राहत होती. पोरं रडत, बाया भांडत, कोणी ना कोणी आजारी असे. ते सिंधमध्ये एका हायस्कूलचे हेडमास्तर होते, आयुष्यभर भाषा शिकवलेली, आणि कविता करायचे. इथे आल्यापासून एक ओळही सलग लिहून झाली नव्हती.

वाचनालयाचा नियम असा होता की नव्या सभासदाला गावातल्या दोन सभासदांनी हमी द्यायची. एक हमी मी दिली. दुसरी द्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं, “तुम्ही वाचनालयाचे सभासद व्हा.”

“मी? मी काय वाचणार आहे?”

“वाचू नका. सही करा.”

हा माणूस टाइमटेबलाखेरीज काही वाचत नसे. पण दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर वाचनालयात आला, आधी सभासद झाला आणि लगेच मास्तरांच्या अर्जावर सही केली. मास्तरांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला तेव्हा तो इतका संकोचला की चहाही न घेता निघून गेला.

मास्तर रोज दुपारी येऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसू लागले. आठवडाभर काही झालं नाही. मग कोणीतरी त्यांच्या खांद्यावरून डोकावून पुस्तक पाहिलं आणि बोभाटा झाला. सिंधी भाषा अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जात असे, हे आमच्या गावात कोणाला माहीत नव्हतं. मलासुद्धा नव्हतं.

वकीलसाहेबांनी मला बोलावलं. “बाई, तो माणूस मुसलमानी पुस्तकं आणून वाचतो म्हणे.”

“ती सिंधी कवितेची पुस्तकं आहेत. त्यांची लिपीच तशी आहे.”

“असेल. पण लोकांना ते काय कळतंय?”

“मग आपण सांगू या ना. वाचनालय त्यासाठीच असतं.”

ते हसले. वर्गातल्या हट्टी मुलीकडे पाहून मीही तशीच हसायची. त्या हसण्याचा मला पहिल्यांदा राग आला.

दुपारी शाळा सुटली की मी मास्तरांच्या टेबलाशी बसू लागले. ते एक ओळ सिंधीत म्हणत, मग हिंदीत समजावत, मी ती मराठीत करून पाही. त्यांच्या एका कवितेने मी हलून गेले. कविता अशी होती: मी आयुष्यभर भाषा शिकवली आणि आता बाजारात बोट दाखवून कांदे घेतो, बोटाला व्याकरण नसतं, म्हणून इथे माझी चूक कोणी काढत नाही. एवढंच. घरी येऊन मी माझ्या कवितांचं कात्रणपुस्तक उघडलं आणि मिटलं. अंगण, पाळणा, केस. सगळं खरं होतं, पण त्यातल्या एकाही अंगणाला रस्त्याकडे उघडणारं दार नव्हतं.

संमेलनाच्या तयारीसाठी वाचनालयाच्या कमिटीची बैठक भरली तेव्हा मी प्रस्ताव मांडला की या वर्षी मास्तरांना कविता म्हणायला बोलवावं.

वकीलसाहेब म्हणाले, “आपलं संमेलन मराठी आहे.”

“मराठीच राहील. ते सिंधीत म्हणतील, मी मराठीत सांगेन.”

“आणि उद्या आणखी कोणी आपली भाषा घेऊन आलं तर?”

“त्यालाही बसायला जागा देऊ.”

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. “बाई, तुम्ही कवयित्री आहात, तुमचं मन मोठं. पण संस्था मनावर चालत नाही. असं संमेलन आपल्या सभागृहात होणार नाही.”

“मग मी सभागृहाबाहेर करते,” मी म्हटलं.

हे वाक्य माझ्या तोंडून अचानकच निघून गेलं. पण ते परत घ्यावंसं एकदाही वाटलं नाही.

जागा ठरली काळ्या तलावाच्या काठची. तिथल्या दगडी पायऱ्यांवर माणसं बसतील आणि कवी खाली उभे राहतील. लाउडस्पीकरची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. बाजाराच्या तोंडाशी मी एक मोठा बोर्ड लावला, वर मराठीत आणि खाली सिंधीत. सिंधी अक्षरं मास्तरांनी स्वतः ब्रशने काढली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या अर्ध्या भागावर डांबर फासलेलं होतं. नवरा म्हणाला, “काढून दुसरा लावू.” मी म्हटलं, “अजिबात नाही. हाच राहू दे. लोकांना विचारू दे खाली काय लिहिलं होतं.” आणि खरंच, डांबर पाहून जितक्या माणसांनी चौकशी केली तितक्या माणसांनी नुसता बोर्ड वाचलाही नसता.

बोलावलेले बरेच कवी आजारी पडले. ठाण्याहून माझ्या माहेरच्या ओळखीचे दोघे आले आणि डोंबिवलीहून एक. सासूबाईंना हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. “घरातल्या सुनेने तलावावर उभं राहून ओरडायचं म्हणजे काय?” असं त्या चार दिवस म्हणत होत्या. पण संमेलनाच्या दिवशी ऊन कलल्यावर बघते तर त्या इस्त्रीचं लुगडं नेसून, हातात पंखा घेऊन तयार.

“तुम्ही कुठे निघालात?” मी विचारलं.

“तिथेच. तू उघड्यावर बोलणार, मग घरचं कोणी माणूस समोर नको बसायला?”

पायऱ्या अर्ध्याअधिक भरल्या. निम्मी माणसं कविता ऐकायला आली होती आणि निम्मी काय होतं ते बघायला. कॅम्पातूनही माणसं आली होती, ती एका बाजूला अवघडून उभी होती. मराठी कवींचं वाचन झालं. मग मास्तर उभे राहिले आणि पहिली ओळ म्हणाले. त्यांच्या आवाजाला लाउडस्पीकरची गरजच नव्हती. हेडमास्तरांचा आवाज होता तो. मी मराठीत ओळ सांगणार, एवढ्यात वरून कोणी तरी ओरडलं, “हे काय पाकिस्तान आहे का?” आणखी दोघातिघांनी त्याला साथ दिली.

मी काही बोलायच्या आत सासूबाई उठल्या. मागे वळून, पंखा त्या तरुणाकडे रोखून म्हणाल्या, “अरे, तू ओरडतोयस म्हणून मला त्यांचं ऐकू येत नाहीये. बसायचं तर खाली बस, नाहीतर घरी जा. तुझ्या आईला ओळखते मी.”

पायऱ्यांवर हशा पिकला. तो मुलगा बसला. कांद्याची कविता पूर्ण झाली. मी शेवटची ओळ मराठीत सांगितली तेव्हा भाजीबाजारातली एक बाई मोठ्याने म्हणाली, “अगो, हा तं माझ्याकडूनच नेतो कांदे!” आणि मग जे हसू उठलं त्यात कॅम्पातली माणसंही होती. मास्तरांना आधी कळेना लोक का हसतात. मी सांगितल्यावर त्यांनी त्या बाईकडे वळून, वाकून नमस्कार केला.

पुढच्याच आठवड्यात मला कार्यवाहपदावरून दूर करण्याचा ठराव आला. बैठकीआधी वकीलसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुम्हीच राजीनामा द्या. नाव खराब होणार नाही.”

“कोणाचं?” मी विचारलं. “मी राजीनामा देणार नाही. तुम्ही काढा, आणि कशासाठी काढलं तेही इतिवृत्तात लिहा.”

त्यांनी मला काढलं. कारण लिहिलं ‘संस्थेच्या शिस्तीचा भंग’. मी इतिवृत्त वाचून दाखवायला लावलं आणि म्हटलं, “भंग केला, हे खरं आहे. पुन्हा करीन.” तेवढं वाक्य मात्र त्यांनी लिहून घेतलं नाही.

वकीलसाहेब शाळेच्या नियामक मंडळावरही होते. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा हेडबाईंनी मला खोलीत बोलावलं आणि माझ्याकडे न बघता वेळापत्रक पुढे केलं. वरच्या वर्गांचं मराठी काढून घेतलं होतं. मला शिवणाचे तास दिले होते. मला धड गुंडी लावता येत नसे, हे हेडबाईंना चांगलं माहीत होतं.

“माझ्या हातात नाही हो,” त्या हळूच म्हणाल्या.

“माझ्याही हातात नाही. सुई तर मुळीच नाही,” मी म्हटलं.

वर्षभर मी शिवणाचे तास घेतले. मुली आपसात एकमेकींना टाके शिकवायच्या आणि मी त्यांना कविता शिकवायची. मान खाली, हात कामात, कान मोकळे. कविता ऐकायला याहून चांगला वर्ग मला पुढे कधी मिळाला नाही. तपासणीला आलेल्या बाईंनी शिवण पाहून छान शेरा दिला.

त्याच सुमारास नगरपालिकेच्या निवडणुका जाहीर झाल्या. आमच्या वॉर्डातून वकीलसाहेब उभे राहणार हे ठरलेलंच होतं. बायकांसाठी एक जागा राखीव असे. काही सज्जन मंडळी घरी येऊन म्हणाली, “बाई, तुम्ही ती घ्या. बिनविरोध होईल.” मी म्हटलं, “ती दुसऱ्या कोणा बाईला द्या म्हणजे दोघी होऊ. मी माझ्याच वॉर्डातून उभी राहते.” मंडळींनी चहा अर्धा टाकला.

नोकरी आणि निवडणूक दोन्ही करता येणार नाही असं शाळेने कळवलं. या वेळी मी राजीनामा दिला, कारण तो मला हवा होता. रात्रीची जेवणं झाल्यावर नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो सुपारी कातरत होता. मग म्हणाला, “हरलीस तर?”

“हरले तर घरी शिकवण्या घेईन.”

“आणि जिंकलीस तर?”

“तरी शिकवण्या घ्याव्याच लागतील.”

तो हसला. “मग उभी राहा.”

प्रचारात माझ्याविरुद्ध एकच गोष्ट सांगितली गेली: ही कॅम्पातल्यांची बाई. वास्तविक कॅम्प नगरपालिकेच्या हद्दीबाहेर होता आणि तिथल्या कोणाचंही मत आमच्या वॉर्डात नव्हतं. त्यांच्यासाठी काही केल्याने मला फायदा शून्य होता. मी सभेत हेच सांगायची. “तुम्ही म्हणता ती त्यांची आहे. बरं, आहे. आता तुमच्या नळाबद्दल बोलू या.” आणि मी नळाबद्दल, गटारांबद्दल, बायकांसाठी आडोसा नसलेल्या संडासांबद्दल बोलायची. कवयित्रीच्या तोंडी संडास शब्द ऐकून पुढच्या रांगेतली माणसं खाली बघायची. मागे उभ्या असलेल्या बायका पुढे सरकायच्या.

कोणी म्हणायचं, “बाई, एखादी कविता म्हणा की.” मी सरळ सांगायची, “मतासाठी म्हणणार नाही. निवडणूक झाली की घरी या, हवी तेवढी ऐकवते.”

खाडीकडच्या वस्तीत एका म्हाताऱ्या कोळणीने माझा हात धरून विचारलं, “बाय, येशील निवडून तं आमच्या धक्क्याव दिवा लावशील का? अंधारात पाय घसरतान आमचे.” मी म्हटलं, “लावीन असं आज म्हणत नाही. पण लागेपर्यंत मागत राहीन.” ती म्हणाली, “मंग तुलाच देतंव. बाकीचे सगले लावीन म्हनून गेले.”

मी निवडून आले, अगदी थोडक्या मतांनी. वकीलसाहेबांनी दोनदा मोजणी करवली. धक्क्यावर दिवा लागायला वर्ष लागलं. तोवर प्रत्येक सभेत मी तो विषय काढायची आणि सभासद उसासे टाकायचे.

नगरपालिकेत गेल्यावर मला शिक्षण आणि वाचनालयांच्या समितीचं अध्यक्षपद मिळालं. तेही कोणाला नको होतं. मला मात्र त्याच्यातून एक गोष्ट करायची होती. नगरपालिकेच्या मालकीचं एक चांगलं ऐसपैस सभागृह होतं, रंगमंचासकट. लढाईत रेशनिंग आलं तेव्हा त्यात धान्य साठवायला सुरुवात झाली. लढाई संपली, राज्य बदललं, धान्य तिथेच राहिलं. गावात नाटक करायचं तर मांडव घालावा लागे, गाणं करायचं तर कोणाच्या तरी दिवाणखान्याची मनधरणी. आणि दिवाणखान्याचा मालक ठरवणार की आत कोणी यायचं. वाचनालयाच्या सभागृहाचा अनुभव मी घेतलेला होता. गावाच्या मालकीची जागा गावाला हवी होती.

मी ठराव मांडला. ‘विचाराधीन’ असं उत्तर आलं. पुन्हा मांडला. ‘पर्यायी गोदाम उपलब्ध झाल्यावर’ असं उत्तर आलं. पर्यायी गोदाम कोण शोधतंय असं विचारलं तर कोणीच नव्हतं. मग मी नियमांचं पुस्तक घेऊन बसले. समितीची बैठक नगरपालिकेच्या कोणत्याही इमारतीत बोलावण्याचा अधिकार अध्यक्षाला होता. मी पुढच्या बैठकीची सूचना काढली. स्थळ: नगरपालिका सभागृह.

सभासद आले ते पांढऱ्याशुभ्र धोतरांत, कोटांत. आत मिणमिणता उजेड, छतापर्यंत रचलेल्या ज्वारीच्या थप्प्या, कोंदट वास. खुर्ची एकही नव्हती.

“बाई, बसायचं कुठे?” एकाने विचारलं.

“पोत्यांवर,” मी म्हटलं आणि स्वतः एका पोत्यावर चढून बसले.

दुसरा इलाज नव्हता. सूचना रीतसर होती. बैठक सोडून जावं तर ते इतिवृत्तात येणार. ते बसले. मी विषयपत्रिका वाचायला घेतली. शाळांच्या छपरांच्या दुरुस्तीचा विषय होता, तो मी मुद्दाम सविस्तर वाचला. थोड्या वेळाने एक सभासद मांडी खाजवू लागले. मग दुसरे मान झटकू लागले. धान्यातले किडे धोतरांवरून वर चढत होते. एक मोठा उंदीर रंगमंचावरून सावकाश, नटासारखा चालत गेला. सगळ्यात वयोवृद्ध सभासद ताडकन उभे राहिले.

“बाई, पुढची बैठक कुठे आहे?”

“सभागृह रिकामं होईपर्यंत इथेच,” मी म्हटलं.

पर्यायी गोदाम त्याच महिन्यात सापडलं.

सभागृह धुऊन, चुना लावून तयार झालं तेव्हा उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यावर वाद झाला. मंत्र्याला बोलवा, सभापतीला बोलवा. मी मास्तरांना बोलावलं. तोवर ते मराठी चांगलं बोलू लागले होते. शहाडजवळच्या मोहने गावच्या कारखान्यात काम करणाऱ्या काही मुलांना ते संध्याकाळी शिकवायचे. रंगमंचावर उभं राहून त्यांनी आपली कविता आधी सिंधीत आणि मग स्वतःच मराठीत म्हटली. मराठीत दोन चुका झाल्या. श्रोत्यांतून कोणी तरी हळूच दुरुस्त केल्या, तशी ते थांबले आणि म्हणाले, “आज कोणी माझी चूक काढली!” आणि चष्मा काढून डोळे पुसू लागले.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी दारात वकीलसाहेब दिसले होते. निमंत्रण सगळ्या गावालाच होतं. थकलेले दिसत होते. माझ्याजवळ येऊन म्हणाले, “बाई, झालं गेलं विसरलात ना?”

“नाही,” मी म्हटलं. “पण खुर्ची आहे. बसा.”

ते जरा थबकले, मग बसले. शेवटपर्यंत बसले.

सभागृहाचा एकच नियम मी करवून घेतला: ज्याने रीतसर मागितलं त्याला ओळीने तारीख मिळेल, कोण, कुठला, कोणत्या भाषेचा, हे विचारायचं नाही. दोन वर्षं हे सुरळीत चाललं. भजनं झाली, नाटकं झाली, कॅम्पातल्या पोरांचा नाच झाला. मग एका तमाशा फडाने तारीख मागितली आणि मी ती दिली.

गाव उसळलं. संमेलनाच्या वेळी माझ्या बाजूने उभे राहिलेले लोकही म्हणाले, “हे जरा जास्त झालं.” एका शिष्टमंडळाने घरी येऊन विचारलं, “आमच्या मुलींनी जिथे बक्षिसं घेतली त्या रंगमंचावर त्या बाया नाचणार?”

“नाचणार. आणि त्यांचं नाव तुमच्याइतक्याच आदराने पुकारलं जाणार.”

“पुढच्या निवडणुकीत याचा हिशेब होईल.”

“होऊ द्या.”

तमाशा झाला. सभागृह खच्चून भरलं होतं. शिष्टमंडळातले दोघे मला मागच्या रांगेत दिसले. फडाची मुख्य बाई कार्यक्रम संपल्यावर माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “ताई, पक्क्या छपराखाली खुर्चीवरची माणसं समोर बसलीत, असं पयल्यांदाच झालं.” तिला मी घरी जेवायला नेलं. सासूबाईंनी वाढलं. काही विचारलं नाही, फक्त दुसऱ्यांदा भात वाढताना म्हणाल्या, “आवाज फार गोड आहे गं तुझा. घशाला जप.”

पुढच्या निवडणुकीत मी पडले. चांगलीच पडले. निकालाच्या दिवशी भेटायला आलेले लोक एक गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत होते: बरं झालं, आता तुम्ही पुन्हा कवितेकडे वळाल, या राजकारणाने तुमच्यातली कवयित्री खाल्ली. मला ते सहानुभूतीचं बोलणं डांबरापेक्षा झोंबलं. त्या वर्षांत मी कमी लिहिलं, कबूल. पण जे लिहिलं त्यात धक्क्यावरच्या बाया होत्या, गोणपाटाचे पडदे होते, सुई धरता न येणारी मास्तरीण होती. माझ्या आधीच्या सगळ्या कविता मिळून जेवढी माणसं होती त्यांहून जास्त माणसं त्या थोड्या कवितांत आली. कोणी कोणाला खाल्लं नव्हतं.

नवी समिती आली आणि काही आठवड्यांतच कानावर आलं की सभागृहाच्या नियमात दुरुस्ती करायचं घाटतंय. अर्जदाराला गावातल्या दोन प्रतिष्ठित नागरिकांची हमी लागणार. मी सकाळी लवकर स्वयंपाक उरकला आणि नगरपालिकेच्या सभेला गेले. तिथे लोकांना बसायला भिंतीशी एक लांब बाक असे. त्यावर सहसा कोणी बसत नसे. मी जाऊन मधोमध बसले.

नव्या अध्यक्षांनी मला पाहिलं. ते तरुण होते, माझ्या प्रचाराला आलेल्या एका बाईंचे पुतणे. खुर्चीत चुळबुळ करून म्हणाले, “बाई, आता तुम्ही सभासद नाही आहात.”

“नागरिक तर आहे ना? बाक नागरिकांसाठी आहे.”

“हो, पण तुम्हाला बोलता येणार नाही.”

“मला बोलायचंच नाही. मला ऐकायचंय. ठराव जरा मोठ्याने वाचा, आणि ‘प्रतिष्ठित’ कोणाला म्हणायचं ते कोण ठरवणार, तेवढं कलमही वाचा.”

त्यांनी कागद उलटला. ते कलम नव्हतंच. दोन सभासद एकमेकांकडे बघू लागले, तिसऱ्याने घसा साफ केला. खाडीकडच्या वॉर्डातून पहिल्यांदाच निवडून आलेला एक कोळी सभासद उभा राहिला आणि म्हणाला, “माजी हमी कोन देनार, ते आदी सांगा.” विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

पुढच्या सभेलाही मी जाऊन बसले. त्याच्या पुढच्याही. बाकावर हळूहळू आणखी माणसं येऊन बसू लागली. एकदा तर मास्तर आले, एकदा भाजीबाजारातली ती बाई टोपली बाहेर ठेवून आली. त्या दुरुस्तीचा विषय पुन्हा कोणी पटलावर घेतला नाही.